ग्रंथप्रामाण्य : वारकऱ्याने पोथीवर विश्वास कसा ठेवावा

॥ श्रीज्ञानदेव तुकाराम ॥



कीर्तनात बुवा एखादा सिद्धांत मांडतात आणि लगेच त्याला संतवचनाचा आधार देतात. त्या वचनाला आपण 'प्रमाण' म्हणतो. शब्द रोजच्या वापरातला आहे, पण मोठा आहे. प्रमाण म्हणजे खरे काय ते कळण्याचे साधन. बुवांनी स्वतःच्या बुद्धीने काही सांगितले तर श्रोता मनात म्हणेल, 'हे बुवांचं आपलं मत झालं.' पण तेच गाथ्यातून दाखवले की टाळकरी उचलून धरतात, विणेकरी मान डोलावतो आणि शंका तेथेच मिटते. पोथीत आहे, म्हणून खरे आहे, असा आपणा सर्वांचा भाव असतो.

या भावाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. लिहिलेल्या अक्षरामुळे श्रद्धेला बळ येते ते कसे, ते अक्षर स्वतः कोणाच्या बळावर उभे असते, आणि त्यावर भार किती टाकावा, हा आजच्या पाठाचा विषय. विषय टाळण्यासारखा नाही. आज गावोगाव दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतो, 'छापून आलंय ना, मग खरंच असणार.' दुसरा म्हणतो, 'एका छापील गाथ्यात एवढे अभंग, दुसऱ्यात तेवढे. मग खरं काय मानायचं? सगळंच मागाहून रचलेलं.' पहिला सर्व काही गिळतो, दुसरा सर्व काही थुंकतो. पण नीट पाहिले तर दोघांची चूक एकच आहे. कागदाला जेवढा भार झेपतो त्याहून अधिक भार दोघांनीही त्याच्यावर टाकला आहे.

१. अक्षराचे वजन

तोंडी सांगितलेली गोष्ट दहा तोंडांतून गेली की अकरावा रंग घेते. लिहिलेली गोष्ट मात्र काल होती तशी आज दिसते. त्यामुळे जे बदलत नाही ते खरे, असे माणसाला सहज वाटते. शिवाय लिहिलेले शब्द बोलणाऱ्यापासून सुटे होतात. समोर बोलणारा माणूस आपल्याला ठाऊक असतो, त्याचे गुणदोष ठाऊक असतात. पोथीच्या पानावर मात्र त्याचा राग, लोभ, थकवा काही दिसत नाही. म्हणून ते शब्द माणसाचे न वाटता वरून आलेले वाटतात.

तिसरे कारण आदराचे. पोथी आपण जमिनीवर ठेवीत नाही. ती बासनात गुंडाळतो, चौरंगावर मांडतो, हळदकुंकू वाहतो, पारायण झाले की तिची मिरवणूक काढतो. लहान मूल हे पाहते आणि एक अक्षर वाचता येण्यापूर्वीच त्याला कळते की यात काहीतरी थोर आहे. हा संस्कार चांगलाच आहे. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आदराने माणूस पोथीजवळ येतो, पण पोथीत काय आहे ते आदराने कळत नाही. त्यासाठी ती उघडावी लागते.

२. आधी श्रवण, मग लेखन

धर्माला प्रामाण्य येते ते लेखनानेच येते, असे कोणी समजू नये. वेदांचे नावच 'श्रुति', म्हणजे ऐकलेले. शेकडो वर्षे वेद मुखाने सांभाळले गेले. एक अक्षर इकडचे तिकडे होऊ नये म्हणून पदपाठ, क्रमपाठ, जटापाठ, घनपाठ अशा पाठांतराच्या पद्धती बसविल्या. तेच शब्द सरळ, उलट, पुन्हा सरळ असे गुंफून म्हणावयाचे, म्हणजे चूक झाली की लगेच कानाला लागते. पाणिनीय शिक्षेत वाईट पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत लिहिलेले पाहून म्हणणारा हा एक आहे आणि अर्थ न जाणता म्हणणारा हा दुसरा. म्हणजे त्या काळी कागद हाती असणे ही मोठेपणाची खूण नव्हती. उलट ते उणेपण समजत.

आपल्या माउलींचा ग्रंथही आधी ऐकला गेला आणि मग लिहिला गेला. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, नेवासे क्षेत्री ज्ञानोबारायांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगितला. ते सांगत होते, निवृत्तिनाथ आणि संतसज्जन ऐकत होते, आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. हे सर्व ग्रंथाच्या शेवटी नोंदलेले आहे. शक आहे, यादवराजा रामचंद्राचे नाव आहे, स्थळ आहे, लेखकाचे नाव आहे. ज्ञानेश्वरी वाचताना जागोजागी श्रोत्यांना मारलेली हाक ऐकू येते, सद्गुरूंची मनधरणी ऐकू येते. म्हणजे ज्ञानेश्वरी हे मुळात भर सभेतले निरूपण आहे. चुकीचे बोलले तर अडवणारे श्रीगुरू समोर बसले होते. ग्रंथाला पहिले प्रामाण्य आले ते या सभेचे. कागदाने ते टिपून ठेवले, एवढेच.

नेवाशाला गेलेल्यांनी तो खांब पाहिला असेल. माउली त्याला टेकून बसले होते असे सांगतात आणि लोक त्याला 'पैसाचा खांब' म्हणतात. त्या खांबावर एक जुना कोरीव लेख आहे. तो देवापुढच्या दिव्याच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा आहे. पण तो लेख वाचण्यासाठी कोण जातो? यात्रेकरू खांबाला मिठी मारतात ती त्याला टेकलेल्या पाठीसाठी. दगडावर अक्षरे आहेत म्हणून तो खांब पूज्य झालेला नाही.

३. नाथमहाराजांनी काय केले

आता पुढचा भाग नीट लक्षात घ्यावा. ज्ञानेश्वरी लिहिली गेली त्यानंतर सुमारे तीनशे वर्षे ती हातानेच नकलली जात होती. नक्कल करणारा माणूसच. बोरू हातात, दिवा मंद, पाने शेकडो. डोळा एका ओळीवरून त्याच शब्दाने सुरू होणाऱ्या दुसऱ्या ओळीवर गेला की मधली ओवी गळते. जुना शब्द कळला नाही तर लिहिणारा त्याच्या जागी ओळखीचा शब्द घालतो. कोणी वाचकाने समासात आपल्यापुरता अर्थ लिहिलेला असतो. पुढचा नक्कल करणारा तो मूळचाच समजून ओवीत घेतो. कोणाला भक्तीचे भरते येते आणि तो आपलीच एक ओवी रचून मध्ये बसवितो. यात लबाडी थोडी, भाबडेपणाच फार. परंतु परिणाम तोच होतो. नेवाशाच्या सभेत न बोललेला शब्द माउलींच्या नावावर चालू लागतो.

पैठणच्या एकनाथमहाराजांनी हे ओळखले. परंपरा सांगते की अजानवृक्षाची मुळी गळ्याला लागल्याचा दृष्टांत झाला, म्हणून ते आळंदीस गेले आणि त्यानंतर त्यांनी ग्रंथशुद्धीचे काम हाती घेतले. ते पूर्ण झाले शके १५०६ मध्ये, तारण संवत्सरी, भाद्रपदातल्या कपिलाषष्ठीला, म्हणजे इ. स. १५८४ साली. ग्रंथाच्या शेवटी जोडलेल्या काही ओव्यांत नाथांनी हा शक आणि दिवस स्वतः नोंदविला आहे. ग्रंथ मुळात अतिशुद्ध होता, पण पाठभेदांमुळे बिघडला होता, हेही त्यांनी उघड सांगितले आहे. आणि यापुढे कोणी यात आपली ओवी घालू नये, अशी ताकीदही दिली आहे.

येथे थोडे थांबून विचार करावा. नाथांना माउलींच्या ठिकाणी केवढी निष्ठा! तरीही त्यांनी, 'पोथीत आहे ते सर्व माउलींचेच' असे म्हटले नाही. उलट निष्ठा होती म्हणूनच त्यांनी पोथी तपासली. ज्याला सोन्याची चाड आहे तोच कस लावतो. आणि दुसरी गोष्ट अशी की नाथ स्वतः थोर कवी होते. एकनाथी भागवतासारखा मोठा ग्रंथ त्यांनी शके १४९५ मध्ये वाराणसीस पुरा केला होता. त्यांनी ज्ञानेश्वरीत चार ओव्या सुधारून घातल्या असत्या तर कोणाला कळल्या असत्या? पण जे माउलींचे नाही ते काढावयाचे, आणि जे आपले आहे ते घालावयाचे नाही, हा त्यांचा नेम. आपल्या हाती असलेल्या पोथीचे दुसरे प्रामाण्य नाथांच्या या प्रामाणिकपणातून आलेले आहे.

पुढे छापखाना आला. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४५ साली ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापली. १९०९ साली इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी नाथांपूर्वीची म्हणून एक जुनी पोथी प्रसिद्ध केली. तिच्यातली भाषा आणि ओव्यांची संख्या प्रचलित प्रतींहून काही ठिकाणी निराळी आहे. ती पोथी खरोखर किती जुनी यावर पंडितांत वाद झाले. वैकुंठवासी सोनोपंत तथा मामासाहेब दांडेकर हे जोगमहाराजांच्या शिष्यवर्गातले. त्यांनीही ज्ञानेश्वरीची सार्थ प्रत तयार केली. म्हणजे शोधनाचे काम नाथांपाशी संपले नाही. संप्रदायातल्याच माणसांनी ते पुढे चालू ठेवले. ज्याला याची लाज वाटते त्याने नाथांचे चरित्र पुन्हा वाचावे.

४. इंद्रायणीच्या काठी

तुकोबारायांच्या गाथ्याची कथा तर आपल्या सर्वांच्या जिभेवर आहे. शूद्राने वेदाचा अर्थ मराठीत सांगावा याला हरकत घेण्यात आली. वाघोलीच्या रामेश्वरभट्टांचे नाव या प्रसंगी येते. अभंगांच्या वह्या इंद्रायणीच्या डोहात गेल्या. तुकोबा अन्नपाणी सोडून तेरा दिवस धरणे धरून बसले. पुढे देवाने पाण्यात कागद राखले, हे तुकोबांनी आपल्या अभंगांत स्वतः सांगितले आहे. महिपतीबुवांनी शके १६८४ मध्ये लिहिलेल्या भक्तविजयात हा प्रसंग विस्ताराने वर्णिला आहे.

या प्रसंगाकडे आपण चमत्कार म्हणून पाहतो आणि पुढे जातो. पण तुकोबा तेरा दिवस का बसले, हे विचारावे. कागद गेल्याचे दुःख होते काय? अभंग तर टाळकऱ्यांच्या मुखी होते. दुःख निराळे होते. हे बोल माझे नाहीत, देव बोलवितो म्हणून मी बोलतो, असे ते पुन्हापुन्हा सांगत आले होते. आता लोकांनी ते बोल पाण्यात टाकावयास लावले. मग बोलविणारा खरोखर होता की नव्हता? तुकोबांचा प्रश्न देवाला होता. कागद तरले तेव्हा त्यांना मिळालेले उत्तर हेच, की बोलविणारा आहे.

काही अभ्यासक म्हणतात की लोकांनी अभंग मुखाने राखले होते आणि इतरांच्या वह्यांत उतरले होते, म्हणून ते तरले. भाविक म्हणतात, कागद कोरडे वर आले. दोघांनी भांडण्याचे कारण नाही. दोन्ही कथनांतून एकच गोष्ट निघते. जे अभंग लोकांच्या कंठी बसले होते ते बुडविण्याइतका डोह इंद्रायणीला नव्हता. आणि ज्यांच्या नावाने विरोधाची कथा सांगतात त्या रामेश्वरभट्टांची तुकोबांवरील आरती आज आपण म्हणतो. त्यांचे मन वळले ते तुकोबांच्या संगतीत.

अभंग उतरवून घेणारांत चाकणचे संताजी जगनाडे आणि कडूसचे गंगाराम मवाळ ही नावे परंपरेने येतात. देहूच्या देवळात एक जुनी वही तुकोबांच्या हातची म्हणून सांभाळलेली आहे. पुढे सरकारी साहाय्याने १८६९ आणि १८७३ साली मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून दोन भागांत गाथा निघाला. विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनी देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूर येथील वह्या ताडून तो सिद्ध केला. त्यात साडेचार हजारांवर अभंग आहेत. १९२० च्या सुमारास वि. ल. भावे यांनी संताजींच्या वह्यांवरून 'अस्सल गाथा' छापला. त्यात अभंग त्याहून पुष्कळ कमी आहेत. कारण उघड आहे. एका माणसाच्या वहीत जेवढे आले तेवढेच तीत असणार. दहा ठिकाणच्या वह्या एकत्र केल्या की संख्या वाढते आणि तिच्याबरोबर मागाहून शिरलेलेही येण्याचा संभव वाढतो.

५. नाममुद्रेचा प्रश्न

अभंगाच्या शेवटी संताचे नाव येते. ती त्याची मुद्रा. सामान्य माणूस ती पाहूनच विश्वास ठेवतो. पण ही मुद्रा लावण्याला कोणाची परवानगी लागत नाही. नामदेवरायांच्या गाथ्यात पुढच्या काळातील विष्णुदास नामा नावाच्या कवीची पुष्कळ रचना मिसळली आहे, हे अभ्यासकांनी दाखविले आहे. विष्णुदास नामा लबाड नव्हता. तोही भक्तच होता. नाव सारखे, विषय सारखा, देव तोच, म्हणून नक्कल करणारांनी दोन्ही एका बासनात बांधले.

याच्या उलट पंजाबात पाहा. शिखांचे पाचवे गुरू अर्जुनदेव यांनी १६०४ साली आदिग्रंथ सिद्ध केला. त्यात नामदेवरायांची ६१ पदे घेतली. तेव्हापासून त्यांतले अक्षर जपून ठेवलेले आहे. तेथे एकदा ग्रंथ बांधला आणि पुढे त्याच बांधलेल्या ग्रंथाची नक्कल होत गेली. आपल्याकडे वारी, फड, दिंडी, घरोघरच्या वह्या असा संसार. आपला ठेवा फार हातांत गेला, म्हणून फार वाढला आणि थोडा मिसळला. तो हजारोंच्या मुखी राहिला हा लाभ, आणि मुद्रा पाहून फसण्याची सोय झाली ही हानी.

आज ही हानी वाढली आहे. पूर्वी खोटा अभंग रचून वहीत घालावयाचा तर निदान बोरू झिजवावा लागे. आता मोबाइलवर चार ओळी येतात, शेवटी तुकोबांचे नाव असते, वर पांडुरंगाचे चित्र असते. कोणी त्यांत एका जातीला शिवी घातलेली असते, कोणी आपल्या पक्षाचा मतलब साधलेला असतो, कोणी औषध विकत असतो. वारकरी हात जोडतो आणि ते पुढे दहा जणांस पाठवितो. माउलींच्या ग्रंथात भाबडेपणाने एक ओवी घातली गेली तर नाथांना चैन पडले नाही. आपण तर रोज तुकोबांच्या तोंडी काहीबाही घालतो आणि पुण्य केले असे समजतो!

६. न वाचलेले अक्षर

पंढरीच्या देवळात चौऱ्याऐंशीचा शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९ या काळात श्रीविठ्ठलाच्या देवळाला कोणी कोणी दान दिले याची ती नोंद आहे. राजा रामदेवराव यादवापासून साध्या भाविकांपर्यंत नावे त्यात आहेत. ज्ञानेश्वरी होण्यापूर्वी पंधरासोळा वर्षांची ही गोष्ट. पण त्या शिळेला पाठ घासली म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो असा भाव लोकांत रूढ झाला, आणि पिढ्यानपिढ्या यात्रेकरूंनी तिला पाठ घासली.

या भावाची थट्टा करण्याचा हेतू नाही. परंतु पाहा, त्या दगडावर आपल्याच पूर्वजांची नावे आहेत. त्यांनी आपल्या पदरचे काढून देवाला दिले. ते वाचले असते तर आपल्यालाही काही देण्याची बुद्धी झाली असती. न वाचता केवळ पाठ लावली तर कोरलेले अक्षर मात्र झिजते. पोथीचेही असेच होते. ती केवळ पूजेला ठेवली तर तिच्यातल्या शिकवणीची गाठ पडत नाही.

न वाचलेल्या अक्षराचा दुसरा धोका यापेक्षा मोठा. दुसऱ्याने वाचून जो अर्थ सांगितला तोच आपण मानतो. चोखोबारायांना देवळाबाहेर ठेवणारांनीही शास्त्राचेच नाव सांगितले. त्याच चोखोबांचे अभंग अनंतभट्टांनी लिहून घेतले असे परंपरा सांगते. लेखणी तीच, पण एकाने तिने दार लावले आणि दुसऱ्याने तिने दार उघडले. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरास उपोषण केले. तेव्हाही विरोध करणारे शास्त्र आणि रूढी यांचा आधार सांगत होते, आणि गुरुजी संतांच्या शिकवणीचा आधार सांगत होते. शेवटी देऊळ हरिजनांना उघडले. मग 'पोथीत आहे' एवढ्याने निर्णय होत नाही. कोणत्या पोथीत, कोणी सांगितलेले, आणि ते मानल्याने देवाच्या लेकरांचे काय होते, हे विचारावेच लागते.

७. शंका-समाधान

शंका — महाराज, पाठभेद आहेत, मागाहून शिरलेले अभंग आहेत, असे आपणच म्हणता. मग आमच्यासारख्याने कशावर विश्वास ठेवावा?

समाधान — बाबा रे, वाद कशाचा आहे ते पाहा. एखादा शब्द, ओव्यांचा क्रम, काही ओव्या, काही अभंग. पण नाम घ्यावे, संतांची संगत धरावी, परस्त्री मातेसमान मानावी, परधनाला शिवू नये, भूतमात्रात देव पाहावा, ही शिकवण एका अभंगावर टांगलेली नाही. ती शेकडो ठिकाणी आली आहे, जुन्या प्रतीत आहे आणि नव्या प्रतीतही आहे. वादाचे अभंग बाजूला ठेवले तरी ती उणी होत नाही. ज्याची श्रद्धा एकाच शब्दावर उभी आहे त्याने घाबरावे. वारकऱ्याने घाबरण्याचे कारण नाही.

शंका — आमच्या आजीला अक्षरओळख नव्हती. तिला पोथी कळली नाही असे म्हणावयाचे काय?

समाधान — मुळीच नाही. तिला हरिपाठ मुखोद्गत असेल. दिंडीत चालता चालता तिने अभंग ऐकले, म्हटले, आणि दळताकांडताना घोळविले. ती ऐकणाऱ्यांच्या परंपरेतली. नेवाशाच्या सभेतले श्रोतेही ऐकणारेच होते. अशा कंठांनी जपले म्हणून तर वह्या ताडून पाहता आल्या. मात्र आजीला वाचता येत नव्हते म्हणून नातवानेही वाचू नये, असा अर्थ कोणी काढू नये. आळंदीस जोगमहाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली ती एवढ्यासाठीच, की कीर्तनकाराने ऐकीव बोलण्यावर न राहता ग्रंथ शिकावा.

शंका — अनुभव हेच खरे असेल तर मग पोथी हवीच कशाला?

समाधान — हे फार घातक बोलणे आहे. उद्या कोणी बुवा उठेल आणि म्हणेल, 'मला साक्षात्कार झाला आहे, मी सांगतो ते करा.' त्याला अडविणार कशाने? गाथा हाती असेल तर त्याला विचारता येते की तुकोबांनी ढोंगी गुरूंवर एवढे कोरडे ओढले आहेत, ते तुला लागू पडतात की नाही? ग्रंथ गुरूलाही बांधून ठेवतो. आपल्या मनालाही बांधून ठेवतो, कारण आपले मन आपल्याला सोयीचे तेच अनुभव म्हणून सांगते. म्हणून पोथी हवी. पोथीने अनुभव तपासावा आणि अनुभवाने पोथी उजळावी.

८. आचरणाचा नेम

वरील विचाराचे तात्पर्य असे. संतांनी असे सांगितले, याची साक्ष ग्रंथ देतो. तीही प्रत नीट तपासली असेल तर देतो. पण सांगितलेले खरे आहे याची साक्ष ग्रंथाला एकट्याने देता येत नाही. ती साक्ष ज्याने तसे वागून पाहिले त्याच्याकडे असते. वैद्याची चिठ्ठी खरी आहे हे शिक्क्यावरून कळेल, पण औषध खरे आहे हे घेतल्यावाचून कळत नाही.

म्हणून प्रत्येक माळकऱ्याने चार गोष्टींचा नेम करावा.

पहिली, कोणी संतवचन सांगितले तर नम्रपणे विचारावे, 'माउली, हे कोठे आहे?' ज्ञानेश्वरी असेल तर अध्याय आणि ओवी, गाथा असेल तर कोणती प्रत आणि अभंगाचा आकडा. असे विचारणे म्हणजे अश्रद्धा नव्हे. नाथांनी पोथीला हेच विचारले.

दुसरी, जे वचन ग्रंथात सापडत नाही ते संताच्या नावाने पुढे पाठवू नये. बोल चांगला असेल तर चांगला बोल म्हणून सांगावा. तुकोबांच्या नावाची त्याला गरज नाही, आणि खोट्या सहीची तुकोबांना गरज नाही.

तिसरी, एखाद्या वचनाच्या आधाराने कोणाला तुच्छ लेखले जात असेल तर ते वचन संतांच्या बाकीच्या शिकवणीशी ताडून पाहावे. सबंध ग्रंथ एकीकडे ओढतो आणि एकटी ओळ दुसरीकडे ओढते असे दिसले तर त्या ओळीची चौकशी करावी.

चौथी, रोज निदान पाच ओव्या किंवा एक अभंग अर्थासह वाचावा, आणि त्यातली एक गोष्ट त्या दिवशी करून पाहावी. क्षमेचा अभंग वाचला तर त्या दिवशी भावकीतल्या एकाशी धरलेला अबोला सोडावा. दानाचा वाचला तर शेजारच्या उपाशी घरी शेर-अर्धा शेर धान्य पोचते करावे. पारायणाची संख्या वाढली आणि बांधाचे भांडण तसेच राहिले, तर गावातला तरुण पोथीवर विश्वास ठेवणार नाही, आणि त्याला दोषही देता येणार नाही. तो पोथी वाचण्याआधी पोथी वाचणाऱ्याला पाहतो.

ज्ञानोबारायांच्या भावंडांकडे समाजाने शुद्धिपत्र मागितले होते. त्यासाठी ती लहान पोरे आळंदीहून पैठणपर्यंत पायी गेली, ही कथा आपण कीर्तनात ऐकतो. त्या पत्रातले शब्द आज कोणाच्या ध्यानात आहेत? ज्यांना ते पत्र मागितले त्यांची पालखी मात्र दरवर्षी आषाढीला लाखोंच्या मेळ्यात पंढरीस जाते. लोकांनी विश्वास ठेवला तो त्यांच्या जगण्यावर, आणि त्या जगण्यातून निघाले म्हणून त्यांच्या ग्रंथावर.

आपल्या घरी बासनात बांधलेली पोथी असेल, तर येत्या एकादशीस ती सोडावी, पुसावी, आणि एक पान तरी घरच्या मुलांना बसवून अर्थासह वाचून दाखवावे. त्यांनी प्रश्न विचारले तर रागावू नये. उत्तर ठाऊक असेल तर द्यावे, नसेल तर जाणत्याकडे मिळून जावे. विचारणारी मुले असतील तर त्या घरी पोथी पुढच्या पिढीलाही लागेल.

रामकृष्ण हरी.